पाहुण्यांसाठी वेगळं काही नको, आपलंच शहर नीट करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी तुमच्या पेपरात वाचलं की पुण्यात मोठं कन्व्हेन्शन सेंटर हवं, अजून फाईव्ह स्टार हॉटेलं हवीत, म्हणजे बाहेरचे बिझनेसवाले लोक इथे येतील. तेव्हापासून लिहायचं मनात होतं, आज रविवार म्हणून बसले. मी भोसरीत एका छोट्या कंपनीत एक्सपोर्टचं काम बघते, आम्ही पंपांना लागणारे व्हॉल्व्ह आणि सुटे भाग बनवतो आणि आमची बरीचशी गिऱ्हाइकं डेन्मार्क आणि स्वीडनमधली आहेत. २०११ पासून माझं कोपनहेगनला जाणं आहे, कोविडची दोनतीन वर्षं सोडली तर साधारण वर्षाआड एक फेरी होतेच, आणि ते लोक पण इन्स्पेक्शनला इकडे येतात. त्यामुळे कामासाठी परगावी जाणाऱ्या माणसाला काय लागतं ते मी दोन्ही बाजूंनी बघितलंय.

त्या माणसाला झुंबरं बघायची नसतात हो. त्याला वेळेवर पोचायचं असतं, रात्री नीट झोपायचं असतं, पोट बिघडू द्यायचं नसतं आणि मीटिंग संपल्यावर तासभर मोकळ्या हवेत फिरायचं असतं. आणि मला जे कळलंय ते हे की या चारही गोष्टी तुम्हाला पर्यावरण सांभाळणाऱ्या शहरातच मिळतात, कारण त्या तिथल्या रहिवाशांसाठी केलेल्या असतात आणि पाहुण्याला त्या आपोआप मिळतात.

पहिल्यांदा गेले तेव्हा विमान खाली येताना खिडकीतून समुद्रात पवनचक्क्यांची एक कमान दिसली, एकाच रांगेत पण जरा वळलेली. नंतर कळलं त्याचं नाव मिडलग्रुंडेन, २० चक्क्या, ४० मेगावॅट, २००० साली उभ्या केल्या. पण मला खरं नवल वाटलं ते पुढचं ऐकून, की त्यातल्या निम्म्या चक्क्या एका सहकारी संस्थेच्या आहेत, आठ हजारांवर साध्या माणसांनी शेअर घेतलेत. मी कोल्हापूरची, माझ्या वडिलांचा साखर कारखान्याचा शेअर होता, त्यामुळे हे मला कोणी समजावून सांगायची गरजच पडली नाही. आमच्या तिथल्या गिऱ्हाइकाच्या अकाउंट्समधल्या बाईंचा पण त्यात एक शेअर आहे आणि त्या तो सांगताना जशा खुलतात ना, अगदी आमचे अण्णा कारखान्याच्या सभेहून आल्यावर खुलायचे तशा.

विमानतळावर उतरलं की टर्मिनल ३ लाच मेट्रो. ड्रायव्हर नाही, गेट नाही, मशीनवर तिकीट काढायचं आणि बसायचं, दिवसा दर पाचसहा मिनिटांनी गाडी असते आणि रात्रभर पण चालू असते, म्हणजे तुमचं विमान रात्री एकला उतरलं तरी काही फरक पडत नाही. पंधरा मिनिटांत गावाच्या मध्यात. मी पहिल्या वेळी टॅक्सीचे पैसे वेगळे काढून ठेवले होते कारण आमच्या साहेबांनी सांगितलं होतं की बाईमाणूस एकटी जातेय तर टॅक्सीच कर, पण रात्री साडेअकराला मी एकटी बॅग घेऊन त्या मेट्रोत बसले तेव्हा डब्यात एक म्हातारं जोडपं, एक नर्स आणि सायकलचं हेल्मेट मांडीवर घेतलेला एक मुलगा होता, आणि मला जराही भीती वाटली नाही. ते टॅक्सीचे पैसे आजपर्यंत लागलेले नाहीत. २०१६ ला गेले तेव्हा जिकडे तिकडे खोदकाम होतं, हिरवे पत्रे लावलेले, लोक वैतागलेले होते, आणि २०१९ च्या सप्टेंबरमधे ती गोल फिरणारी नवी लाईन चालू झाली. म्हणजे त्यांना पण त्रास झालाच, पण काम संपलं.

आता वेळेचा हिशोब बघा. एके दिवशी माझी सकाळी नऊला कोपनहेगनमधे मीटिंग होती आणि दुपारी दोनला स्वीडनमधे माल्मोला दुसऱ्या कंपनीत. दोन वेगळे देश, मधे समुद्र. २००० साली तो ओरेसुंडचा पूल झाला, त्यावरनं ट्रेन जाते, पाऊण तासाच्या आत मी माल्मोला, वाटेत लॅपटॉप उघडून कोटेशन पण दुरुस्त केलं. हेच मी पुण्यात एका गिऱ्हाइकाला सकाळी चाकणला आणि दुपारी हिंजवडीला न्यायचं म्हटलं तर छातीत धस्स होतं. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे दोघं पाहुणे आले होते, लोहगावला विमान वेळेवर उतरलं, पण तिथून चाकणच्या आमच्या व्हेंडरकडे पोचायला पावणेतीन तास लागले, मधे पाऊस, पाणी तुंबलेलं, गाडी जागची हलेना. ते बिचारे काही बोलले नाहीत, फक्त एकानं विचारलं की हे रोज असतं का. मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलायचं.

पावसावरून आठवलं. २ जुलै २०११ ला कोपनहेगनमधे ढगफुटी झाली होती, दोनेक तासांत दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तळघरं भरली, रस्ते बंद. मी त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले तेव्हा सगळ्यांच्या तोंडी तोच विषय होता. पुढच्याच वर्षी त्यांनी ढगफुटीचा वेगळा प्लॅन केला आणि मोठी गटारं घालण्यावरच न थांबता बागा आणि चौकच असे केले की जास्तीचं पाणी तिथे साठेल. एन्गहेवपार्कन म्हणून जुनी बाग आहे, ती पूर्ण नव्यानं केली, तिच्यात सव्वादोन कोटी लिटरच्या आसपास पाणी मावतं आणि एरवी तिथे पोरं फुटबॉल खेळतात. मी त्या बागेत बसून डबा खाल्लाय, सोबत नेलेल्या दशम्या आणि चटणी, आणि मला कोणी सांगेपर्यंत कळलंसुद्धा नव्हतं की मी पाण्याच्या टाकीत बसलेय. आपल्याकडे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरानं काय केलं ते तुमच्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको.

हॉटेलच्या खोलीतली एक गोष्ट. पहिल्या रात्री पाण्याची बाटलीच दिसेना. टेबलावर फक्त काचेचा रिकामा जग आणि दोन ग्लास. मी खाली फोन केला, पोरगी म्हणाली मॅडम बाथरूमच्या नळाचंच प्या, आम्ही पण तेच पितो. जमिनीतलं पाणी आहे, फारशी प्रक्रिया पण करावी लागत नाही. माझा विश्वास बसेना, तहान लागली होती तरी अर्धा तास तशीच बसले, मग प्यायले. आठ दिवस तेच पाणी, पोटाला काही झालं नाही. आता बॅगेत फक्त एक स्टीलची बाटली असते. दुकानातून बाटली घेतलीच तर तिच्यावर डिपॉझिट असतं, मोकळी बाटली सुपरमार्केटच्या मशीनमधे टाकली की पैसे परत, त्यामुळे रस्त्यावर बाटली पडलेली दिसली की कोणीतरी उचलतोच. हे पाण्याचं मी एवढं लांबण लावून लिहितेय कारण आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या मनात पहिली भीती पाण्याचीच असते, ते दात घासायला पण बाटलीचं पाणी घेतात, आणि ते बघताना मला फार वाईट वाटतं.

आणि सायकल. मी शाळेत असताना सुट्टीत मावशीकडे पुण्याला यायचे तेव्हा तासावर भाड्यानं मिळणाऱ्या सायकलवर शिकले, तेव्हा पुण्यात बायका साडी नेसून सायकलवर ऑफिसला जायच्या, ते बघून मला पुण्याचं केवढं अप्रूप वाटायचं. लग्न होऊन पुण्यातच आले पण नंतर सायकल सुटली ती सुटलीच. २०१४ ला कोपनहेगनमधे आमच्या गिऱ्हाइकाचे डायरेक्टर, साठीचे गृहस्थ, सूट घालून सायकलवर जेवायला आले आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले तुम्हाला पण एक आणून देतो, फॅक्टरी फक्त चार किलोमीटर आहे. मी नको नको म्हणत बसले. बसलेच शेवटी. तिथे सायकलचा रस्ता हा गाडीच्या रस्त्यापेक्षा थोडा उंच आणि फुटपाथपेक्षा थोडा खाली असतो, मधे कट्टा, त्यामुळे गाडी अंगावर येईल ही भीतीच नाही. नॉरेब्रोगेड नावाचा मोठा रस्ता आहे, तिथे ताशी २० च्या स्पीडनं गेलं की सकाळी सगळे सिग्नल हिरवेच मिळत जातात. माझा स्पीड तेवढा कुठला, पण बाजूनं शाळेची पोरं, पुढच्या पेटीत दोन दोन लेकरं बसवलेल्या आया, सगळे जात होते आणि कोणी घंटी मारून मला घाई केली नाही. वळताना हात दाखवायचा, थांबताना हात वर करायचा, ते त्यांनी शिकवलं. फॅक्टरीच्या गेटवर उतरले तेव्हा पाय थरथरत होते आणि डोळ्यात पाणी आलं होतं, वीसपंचवीस वर्षांनी सायकल चालवली होती. बिझनेस ट्रिपचं काय लक्षात राहिलं असं मला कोणी विचारलं तर ती मोठी ऑर्डर नाही, ते चार किलोमीटर.

संध्याकाळी तेच गृहस्थ बंदरात पोहायला गेले. ऑफिस सुटल्यावर, टॉवेल बॅगेतच होता. इस्लँड्स ब्रिगे म्हणून जागा आहे, शहराच्या अगदी मध्यात, २००२ पासून तिथे लोकांना पोहायला घाट बांधून दिलेत आणि फुकट आहे. ते सांगत होते की त्यांच्या तरुणपणी या पाण्यात गटारं सुटायची, कारखान्यांचं तेल यायचं, कोणी पाय पण घालायचं नाही. मग सांडपाण्याच्या लाईनी सुधारल्या, पावसाचं जास्तीचं पाणी धरून ठेवायला जमिनीखाली टाक्या केल्या, आणि अजूनही जोराचा पाऊस झाला तर पोहणं तेवढ्यापुरतं बंद ठेवतात आणि तसं लोकांना कळवतात. मी काठावर बसून बघत होते. मला सारखी मुळामुठा आठवत होती, भिडे पुलावरून जाताना नाकाला पदर लावायचा ते आठवत होतं. त्या गृहस्थांनी विचारलं तुमच्या गावात नदी आहे का, मी म्हटलं आहे, दोन आहेत. पुढचं सांगायला जीभ उचलली नाही.

आता कोणी म्हणेल बाई तुम्ही हौशी आहात, कंपन्यांना याचं काय. तर कंपन्यांचं पण सांगते, कारण हे माझं रोजचं काम आहे. गेली काही वर्षं आमची गिऱ्हाइकं दर वर्षी एक मोठी एक्सेल शीट पाठवतात, त्यात वीज किती, डिझेल किती, कचरा किती आणि एक रकाना बिझनेस ट्रॅव्हलचा. कार्बनचा हिशोब ठेवायची जी पद्धत जगभर वापरतात तिच्यात स्कोप ३ मधे, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या कारखान्याबाहेर पण तिच्यामुळे होणाऱ्या धुरात, बिझनेस ट्रॅव्हल हा वेगळा सहाव्या नंबरचा प्रकारच आहे. म्हणजे त्यांचा माणूस पुण्याला आला, विमानानं किती किलोमीटर आला, टॅक्सीनं किती फिरला, हॉटेलात किती रात्री राहिला, हे सगळं त्यांच्या खात्यावर चढतं. त्यांचे ट्रॅव्हल डेस्कवाले हॉटेल घेताना पर्यावरण सांभाळणाऱ्या हॉटेलांना मिळणारं ग्रीन कीचं लेबल आहे का विचारतात, ते लेबल मूळचं डेन्मार्कचंच, १९९४ चं. मोठ्या परिषदा कुठे भरवायच्या हे ठरवणारे लोक पण आता शहराचं वाहतूक, हवा, कचरा हे बघतात, त्यासाठी ग्लोबल डेस्टिनेशन सस्टेनेबिलिटी इंडेक्स म्हणून वेगळी यादी निघते, आणि स्वीडनमधल्या गोथेनबर्गसारखं मध्यम आकाराचं शहर तिच्यात वर्षानुवर्षं वरच्या नंबरांवर राहिलंय. २००९ ची ती मोठी हवामान परिषद कोपनहेगनच्या बेला सेंटरला झाली तेव्हा सरकारनं पाहुण्यांना भेटवस्तूच दिल्या नाहीत, ते पैसे विद्यार्थ्यांच्या स्कॉलरशिपला दिले. मी त्याच बेला सेंटरला एक्झिबिशनला गेलेय, मेट्रोचं स्टेशन जवळच आहे, तेव्हा दिवसभर स्टॉलवर उभं राहून थकलेल्या माणसाला टॅक्सीच्या लाईनीत परत तासभर उभं राहावं लागत नाही. यालाच मी पाहुणचार म्हणते.

मी तिथलं सगळंच सोन्याचं सांगत नाहीये. महागाई एवढी की साध्या सँडविचचा भाव रुपयात मोजला तर घास गिळवत नाही, शाकाहारी माणसाचे हाल होतात आणि नोव्हेंबरात दुपारी चारला अंधार पडतो. कोपनहेगननं २०१२ ला जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत आम्ही कार्बन न्यूट्रल होऊ, आणि २०२२ ला त्यांना सांगावं लागलं की जमणार नाही, कारण अमागर बाकेच्या त्या कचरा जाळणाऱ्या प्लांटवर धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायची जी यंत्रणा बसवायची होती तिचे पैसे उभे राहिले नाहीत. त्याच प्लांटच्या छपरावर स्कीइंगचा उतार केलाय, गिऱ्हाईक मला कौतुकानं घेऊन गेले होते. तिथे गेल्यावर आम्ही खोलीत ज्या ऊबेत बसतो त्यातली बरीच तिथल्या जळणाऱ्या कचऱ्याची, पाइपातून घरोघर जाते, पण कचरा जाळणं बरं की वाईट यावर तिथेही लोक भांडतात. मला त्यांची हीच गोष्ट आवडली की टार्गेट चुकलं ते उघडपणे सांगितलं. आणि माझं स्वतःचं म्हणाल तर मी विमानानं जाते तोच सगळ्यात मोठा धूर आहे, हे मला माहितीये, म्हणून आता दोन फेऱ्यांची एक करते आणि तिकडे गेल्यावर सगळं ट्रेननं.

मग पुण्याचं काय. तुम्हाला वाटेल मी नावं ठेवायला लिहितेय, तसं नाही. मागच्या वर्षी त्या पाहुण्यांमधला एकजण पहाटे उठून माझ्या मुलाबरोबर वेताळ टेकडीवर गेला, खाली आला तेव्हा माणूस वेगळाच दिसत होता, मोर बघितले म्हणून दिवसभर ज्याला त्याला सांगत होता. हॉटेलमधल्या बुफेचं कौतुक त्यानं एकदा पण केलं नाही. याच टेकडीतून रस्ता काढू नका म्हणून २०२३ ला हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले होते, मी पण होते. दुसरं म्हणजे आमच्या सोसायटीत सकाळी स्वच्छच्या दोघी ताई कचरा घ्यायला येतात, तिथेच बसून ओला सुका वेगळा करतात, तो पाहुणा अर्धा तास त्यांच्याशी माझ्यामार्फत बोलत बसला. तीन हजारांवर कचरावेचकांची ही त्यांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था आहे हे सांगितल्यावर तो म्हणाला हे आमच्या पवनचक्कीसारखंच झालं की. मला एवढा अभिमान वाटला. त्यातल्या एका ताईंच्या हातात धड ग्लोव्ह्ज पण नव्हते, तेही त्यानं बघितलं.

२०२३ च्या जानेवारीत जी२० ची मीटिंग पुण्यात झाली तेव्हा रस्ते रंगले, कुंड्या आल्या, दिवे लागले, चार दिवस छान वाटलं. पण कामाला येणारा माणूस तेवढ्या एकाच रस्त्यानं जात नाही ना, तो भोसरीला येतो, चाकणला जातो, रांजणगावला जातो, गल्लीतल्या कारखान्यात येतो. मेट्रो मार्च २०२४ ला रामवाडीपर्यंत आली, फार चांगलं झालं, मी स्वतः पिंपरीहून स्वारगेटला मेट्रोनंच जाते, पण विमानतळावरून बॅग घेऊन सरळ मेट्रोत बसता येत नाही, मधला तो तुकडा राहिला. माझी तळमळ एवढीच आहे की कन्व्हेन्शन सेंटरला जो पैसा लागणार त्याच्या आधी हा तुकडा जोडा, फुटपाथ सलग करा, ओढे मोकळे करा, नदीत जाणारं गटार बंद करा. हे झालं तर आमचे पाहुणे स्वतःहून एक दिवस जास्त राहतील, आणि मुख्य म्हणजे आमच्या कंपनीतल्या पोरी सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी नीट जातील, त्यांच्यासाठी तर मी आधी मागते.

पुढच्या महिन्यात ते साठीचे डायरेक्टर, आता सत्तरी ओलांडलीये, बहुतेक शेवटचे येतायत, रिटायर होणारेत. त्यांनी मेलमधे विचारलंय की यावेळी हॉटेलपासून तुमच्या ऑफिसला चालत येता येईल असं हॉटेल बघाल का. एक सापडलं, दीड किलोमीटरवर. परवा सकाळी साडेआठला मी स्वतः ते अंतर चालून बघितलं, अठ्ठावीस मिनिटं लागली, चार ठिकाणी फुटपाथ संपून रस्त्यावर उतरावं लागलं आणि हायवे ओलांडताना एका भाजीवाल्या मावशींनी माझा हात धरून पलीकडे नेलं. डायरेक्टरसाहेबांना आज कळवलं की गाडी पाठवते.

आपली,
एक वाचक, पिंपरी